विश्लेषण : किचनमधला सनमायका आणि स्टिकर का सुटतो? दुरुस्ती कधी पुरते, कधी शटरच बदलावे लागते?

पावसाळा सरत आला की अनेक घरांच्या स्वयंपाकघरात तेच दृश्य दिसते. सिंकखालच्या शटरची खालची कड फुगलेली असते, ट्रॉलीच्या कोपऱ्यावरचा सनमायका नखाने उचलता येईल इतका सुटलेला असतो, नाहीतर टाइल्सवर हौसेने लावलेल्या स्टिकरची कड काळी पडून वर आलेली असते. त्यावर आधी सेलोटेप लागते, मग फेविक्विकचे दोन थेंब पडतात. वर्षभराने सुतार येऊन सांगतो, ‘आता सगळेच बदलावे लागेल.’

हा खर्च बऱ्याचदा टाळता येण्यासारखा असतो. कारण वरचा पत्रा सहसा खराब होत नाही. आधी कड उघडते आणि तिथून आतली फळी पाणी पिते. फळी कोरडी असेपर्यंत काम थोड्या चिकटद्रव्यात भागते, फळी फुगली की भागत नाही. हे कसे घडते आणि दुरुस्तीची योग्य वेळ कशी ओळखायची, ते पाहू.

सनमायका म्हणजे नेमके काय?

‘सनमायका’ हे मुळात एका ब्रँडचे नाव. आपल्याकडे ते इतके रुळले की कोणत्याही कंपनीच्या लॅमिनेटला सनमायकाच म्हणतात. नावात ‘मायका’ म्हणजे अभ्रक असला, तरी या पत्र्यात अभ्रक नसतो. तो बनतो कागदापासून. १९१२मध्ये अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर या दोन अभियंत्यांनी विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरता येईल असा रेझिनचा थर असलेला पत्रा तयार केला. ‘मायकाच्या ऐवजी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्याला ‘फॉर्मायका’ हे नाव मिळाले. त्याचा टेबल-कपाटांसाठी वापर पुढे सुरू झाला.

आजही पद्धत तीच आहे. खाकी क्राफ्ट कागदाचे अनेक थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवतात. त्यावर रंग किंवा लाकडाची नक्षी छापलेला, मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला कागद ठेवतात. हा सारा गठ्ठा १२० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ५० पट किंवा त्याहून जास्त दाबाखाली दाबतात. रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. म्हणूनच तयार पत्रा गरम भांडे, उकळते पाणी आणि रोजची पुसापुशी बरीच सहन करतो. भारतात यासाठी ‘आयएस २०४६’ हे मानक आहे. घरातल्या कामात साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरला जातो.

हा पत्रा प्लायवूड, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डवर चिकटवतात. पूर्वी सुतार त्यांच्या कामासाठी जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस उकळून वापरत. १९५९मध्ये फेव्हिकॉल आल्यानंतर पांढऱ्या कृत्रिम चिकटद्रव्याने त्याची जागा घेतली. उभ्या कडांवर किंवा घाईच्या कामात रबरावर आधारित पिवळसर चिकटद्रव्यही वापरतात. सुतार त्याला ‘एसआर’ म्हणतात.

मग स्टिकर वेगळा कसा?

ऑनलाइन मिळणारा ‘सेल्फ अॅडहेसिव्ह’ रोल म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा आणि त्याच्या पाठीवर कायम चिकट राहणारा थर. मागचा कागद सोलायचा आणि दाबायचे, इतकेच काम. त्याची जाडी बहुधा ७० ते १०० मायक्रॉन, म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढी. १ मिलिमीटरचा सनमायका त्याच्या दहापट किंवा त्याहून जाड असतो.

फरक जाडीपुरताच नाही. फेव्हिकॉल वाळतो आणि घट्ट होतो. स्टिकरचा चिकट थर कधीच वाळत नाही. तो मऊ राहतो आणि दाब दिल्यावर पृष्ठभागावर पसरून पकड घेतो. त्यामुळे तो लावायला सोपा आणि काढायलाही सोपा, पण उष्णता आणि तेल यांच्यापुढे लवकर हार मानतो.

पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात ‘प्लॅस्टिसायझर’ नावाची तेलकट रसायने मिसळलेली असतात. काळाच्या ओघात ती हळूहळू पापुद्र्यातून बाहेर आणि चिकट थरात झिरपतात. पापुद्रा कडक होतो, डिंक ओघळल्यासारखा होतो. शिवाय स्वस्त पापुद्रा रोलरमधून दाबून ताणलेला असतो. तो पुन्हा आपल्या मूळ आकाराकडे जाऊ पाहतो, म्हणजे आक्रसतो. सुरुवातीला नीट जुळवलेल्या दोन पट्ट्यांमध्ये वर्षभरात बारीक फट दिसू लागते, ती यामुळेच. साचेबद्ध ओतून केलेला ‘कास्ट’ पापुद्रा महाग असतो, पण त्यात हा ताण नसल्याने तो कमी आक्रसतो.

सुटण्याची सुरुवात कडेपासूनच का होते?

चिकटवलेला पत्रा सरळ वर ओढून काढणे जवळपास अशक्य असते, कारण जोर सगळ्या क्षेत्रफळावर विभागला जातो. पण तोच पत्रा कडेला धरून सोलला, तर एका वेळी फक्त एका बारीक रेषेवर सगळा जोर येतो. त्या रेषेवरची पकड सुटली की जोर पुढच्या रेषेवर जातो. लिफाफ्याचे तिकीट सोलताना हेच घडते.

स्वयंपाकघरात कडेला सोलणाऱ्या गोष्टी भरपूर असतात. ट्रॉली उघडताना बोट तिथेच लागते. ओटा पुसताना फडके तिथेच अडकते. सिंकमधून ओघळलेले पाणी शटरच्या खालच्या कडेला थेंब होऊन लटकत राहते. कडेला लावलेली पीव्हीसीची पट्टी बहुतेक वेळा उष्णतेने वितळणाऱ्या डिंकाने बसवलेली असते. कुकरची वाफ रोज तिथे लागत राहिली, तर तो डिंक मऊ पडतो.

ओल की उष्णता, जास्त नुकसान कशाने?

दोन्हीने, पण प्रदेशानुसार स्वरूप बदलते. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. बिस्किटे सादळतात, तसे लाकूडही सादळते. प्लायवूड फुगते आणि लॅमिनेट कागदाचे असल्याने तेही थोडे हलते. पण दोघांची हालचाल सारखी नसते. मधला चिकट थर हा ताण वर्षानुवर्षे झेलतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे उलटे घडते. फळी वाळून आकसते आणि सांधे उघडतात.

मेम्ब्रेन शटरची गोष्ट आणखी वेगळी. एमडीएफवर पीव्हीसीचा पापुद्रा गरम करून, हवा ओढून घेऊन बसवलेला असतो. दिसायला ते एकसंध दिसते. पण शेगडी किंवा ओव्हनला लागून असलेल्या शटरवरचा पापुद्रा उष्णतेने आक्रसतो आणि कोपऱ्यातून उलटतो. एकदा आक्रसलेला पापुद्रा पुन्हा ताणून पूर्वीसारखा बसत नाही.

आतली फळी कोणती, याने काय फरक पडतो?

दुरुस्तीचे अर्धे उत्तर इथेच आहे. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतुमय चुरा दाबून केलेली फळी. दाबलेले तंतू पाणी मिळाले की सैल होऊन फुलतात आणि वाळल्यावर मूळ जाडीला परत येत नाहीत. पार्टिकल बोर्डचेही तसेच. म्हणून सिंकखालचे फुगलेले शटर उन्हात ठेवून ‘बसत’ नाही.

प्लायवूडमध्ये लाकडाचे सलग पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात. ते पाणी जास्त सोसते, पण त्यातही प्रकार आहेत. बाजारात ‘एमआर’ किंवा ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारे प्लाय दमट हवेपुरते ठीक असते, साचलेल्या पाण्यासाठी नाही. ‘बीडब्ल्यूआर’ त्याहून टिकाऊ आणि ‘मरीन’ प्लायसाठी ‘आयएस ७१०’ हे वेगळे मानक आहे. वरचा सनमायका कितीही महाग असला, तरी सिंकखाली कमर्शियल प्लाय वापरले असेल तर आयुष्य त्या प्लायचेच धरायचे.

दुरुस्ती होईल की नाही, हे कसे ओळखायचे?

त्यासाठी तीन सोप्या चाचण्या पुरतात.

पहिली, टकटक. नाण्याने किंवा बोटाच्या पेराने पत्र्यावर ठोकत जा. जिथे पकड आहे तिथे भरीव आवाज येतो, जिथे सुटला आहे तिथे पोकळ. खडूने पोकळ भागाची सीमा आखली की नुकसान नेमके किती ते दिसते. बहुतेकदा ते वाटते त्याहून कमी असते.

दुसरी, अंगठा. उघडलेल्या कडेतून आतली फळी दाबून पाहा. ती कडक असेल तर चिकटवून भागेल. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी भुसभुशीत लागली, तर चिकटद्रव्याला धरायला काही उरलेले नाही. तो भाग कापून नवी पट्टी बसवावी लागेल, नाहीतर शटर बदलावे लागेल.

तिसरी, जाडी. त्याच शटरच्या वरच्या आणि खालच्या कडेची जाडी मोजपट्टीने मोजा. १८ मिलिमीटरची फळी खाली २० किंवा २२ झाली असेल, तर वरचा पत्रा पुन्हा सपाट बसणार नाही.

एक मात्र लक्षात ठेवायला हवे. एक शटर गेले म्हणजे सगळे किचन गेले, असे नाही. शटर बिजागऱ्यांचे स्क्रू काढून सुटे करता येते आणि एकटे बदलता येते.

सुटलेली कड कशी चिकटवायची?

सर्वात आधी पाण्याचा उगम बंद करायचा. गळणारा नळ, सिंकच्या जाळीखालचा सैल पाइप, ओटा आणि सिंकमधली उघडी फट यांपैकी काहीतरी बहुधा कारण असते. ते तसेच ठेवून केलेली दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

शक्य असल्यास शटर काढून आडवे ठेवा. दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळू द्या. उघडलेल्या कडेत काड्यापेटीतली काडी अडकवली की हवा आत जाते. पत्रा जोराने उचकटू नये, तो ठिसूळ असल्याने तडकतो. आतला जुना डिंक आणि धूळ पातळ पातीने खरवडून काढा. नवे चिकटद्रव्य जुन्या सुटलेल्या थरावर लावले, तर ते त्या थरासकट पुन्हा सुटते.

पांढरा फेव्हिकॉल वापरायचा असेल तर पाण्याच्या जागी जलरोधक प्रकार घ्यावा. पातळ थर लावून पत्रा दाबावा, बाहेर आलेले चिकटद्रव्य ओल्या फडक्याने लगेच पुसावे. मग क्लॅम्प लावावा किंवा सपाट फळी ठेवून वर धान्याचे डबे, पाण्याने भरलेली कळशी असे वजन द्यावे. २४ तास हलवू नये.

रबरी चिकटद्रव्याची रीत वेगळी आहे. ते फळीला आणि पत्र्याला, दोन्हीकडे लावायचे. १०-१५ मिनिटे थांबायचे. बोटाला लागेनासे झाले की काडी काढून पत्रा एकदाच, नेमक्या जागी दाबायचा. ओलसर असतानाच दाबले तर आत अडकलेले द्रावण नंतर फुगा करते. एकदा टेकल्यावर सरकवता येत नाही. यातले द्रावण पेट घेणारे असते, त्यामुळे गॅस बंद, खिडक्या उघड्या, जवळ देवाचा दिवा किंवा उदबत्तीही नको.

फेविक्विकसारखी झटपट चिकटणारी द्रव्ये लांब कडेसाठी योग्य नाहीत. ती वाळल्यावर ठिसूळ होतात, शटर आपटले की तडकतात आणि गडद रंगाच्या पत्र्यावर पांढरट डाग सोडतात. फक्त तुटलेला बारीक टवका जागच्या जागी बसवायला ती बरी.

मधोमध फुगा आला तर?

पत्र्याच्या मध्यभागी फुगा येतो तो बहुधा चिकटवताना हवा अडकल्याने किंवा चिकटद्रव्य सगळीकडे न पोहोचल्याने. रबरी चिकटद्रव्य उष्णतेने पुन्हा थोडे जागे होते. त्यावर जाड सुती कापड टाकून मध्यम तापलेली इस्त्री काही सेकंद फिरवावी आणि लगेच सपाट लाकडी ठोकळ्याने मधून कडेकडे दाबत न्यावे, थंड होईपर्यंत वजन ठेवावे. एका जागी इस्त्री थांबवू नये. हा उपाय फक्त सनमायकासाठी आहे. मेम्ब्रेन, अॅक्रिलिक किंवा पीव्हीसीच्या शटरवर इस्त्री फिरवली तर ते कायमचे खराब होईल.

सनमायकावरचा खोल ओरखडा मात्र घासून काढता येत नाही. रंग आणि नक्षी वरच्या एकाच कागदावर असते. पॉलिश पेपर मारला की खालचा खाकी थर दिसू लागतो. त्या रंगाचे मेण किंवा लांबी भरून तो लपवणे, इतकेच शक्य असते.

स्टिकर उखडला तर पुन्हा लावता येतो का?

कड नुकतीच उठली असेल तर हो. स्वयंपाकघरात स्टिकर सुटण्याचे मुख्य कारण म्हणजे फोडणीच्या वाफेबरोबर बसणारा अदृश्य तेलाचा थर. कड हळूच उचलून खालची टाइल भांड्यांच्या साबणाने, मग केमिस्टकडे मिळणाऱ्या स्पिरिटने पुसावी. पूर्ण वाळल्यावर हेअर ड्रायरने कड कोमट करावी आणि कापडाने घट्ट दाबावी. अशा चिकट थराची पकड लावल्याबरोबर पूर्ण येत नाही, ती सुमारे ७२ तास वाढत राहते. तोवर तिथे पाणी आणि वाफ टाळावी.

लहान फुग्याला बारीक सुईने तिरके भोक पाडून हवा बाहेर काढता येते. डिंकावर धूळ बसली असेल किंवा पापुद्रा कडक होऊन कुरळा झाला असेल, तर तेवढा भाग सरळ रेषेत कापून नवा तुकडा लावणे बरे. तुकडा थोडा मोठा कापून, दोन्ही थर एकत्र छेदले की सांधा नेमका जुळतो.

स्टिकर कुठे लावूच नये?

शेगडीच्या बर्नरजवळ पीव्हीसीचा स्टिकर नको. उष्णतेने तो आक्रसतो आणि पेटला तर हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू सोडतो. तिथे लावायला अॅल्युमिनियम फॉइलचे स्टिकर विकले जातात. पण फॉइल विजेचे वाहक आहे, त्यामुळे ते स्विचबोर्डच्या प्लेटखाली किंवा प्लगच्या भोकांपर्यंत नेणे धोक्याचे आहे.

डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीवरही तो टिकत नाही. स्टिकर भिंतीला नव्हे, तर रंगाला चिकटतो. पोपडे धरलेल्या भिंतीवर तो रंग घेऊनच खाली येतो. नवा ऑइलपेंट दिला असेल तर तीन-चार आठवडे थांबावे. जुन्या घरांतल्या कडप्प्याच्या कप्प्यांचा पृष्ठभाग खडबडीत आणि तेल प्यायलेला असतो, तिथे आधी घासून स्वच्छ केल्याशिवाय स्टिकर धरत नाही. आणि ओल येणाऱ्या भिंतीवर स्टिकर म्हणजे ओल झाकणे. मागे बुरशी वाढत राहते, फक्त दिसत नाही.

भाड्याच्या घरात काय काळजी घ्यावी?

११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांसाठी स्टिकर सोयीचा वाटतो. पण घर सोडताना तो काढावा लागतो आणि तेव्हा डिपॉझिटचा प्रश्न येतो. लावण्याआधी घरमालकांची परवानगी आणि मूळ शटर-टाइल्सचे फोटो घ्यावेत. शटरच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा आठवडाभर लावून, काढून पाहावा. मेम्ब्रेन शटरवर विशेष जपावे, कारण स्टिकरसोबत मूळ पापुद्राही उठू शकतो.

काढताना हेअर ड्रायरने कोमट करत, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, हळू ओढावे. सरळ बाहेर ओढले की डिंक मागे राहतो. राहिलेल्या डिंकावर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवावे, प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडावे आणि साबणाने धुवावे. नेलपेंट काढायचे अॅसिटोन पीव्हीसी आणि अॅक्रिलिकवर लावू नये, पृष्ठभाग वितळतो. तारेची घासणीही नको.

नवे काम करून घेताना काय विचारावे?

सिंकखाली कोणते प्लाय वापरणार, हे बिलावर लिहून घ्यावे. फळीच्या आतल्या बाजूलाही लॅमिनेट लागणार आहे ना, हे विचारावे. एकाच बाजूला लावले तर फळी वाकते. सिंक, पाइप आणि बिजागरीसाठी कापलेल्या भोकांच्या कच्च्या कडा सील करायला सांगावे. बाहेरून न दिसणाऱ्या याच जागेतून पाणी सर्वात आधी आत जाते. पत्रे आणि प्लाय लावण्यापूर्वी दोन-तीन दिवस घरातच ठेवले, तर दोघेही घरातल्या हवेला सरावतात.

आणखी एक गोष्ट सुताराने सामान आवरण्याआधी करायची. लॅमिनेटचा पत्रा ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे ३२ चौरस फूट असतो. दोन फूट बाय दीड फुटाच्या एका शटरला त्यातला फक्त ३ चौरस फूट लागतो. पाच वर्षांनी एक शटर बदलायचे झाले, तर तीन फुटांसाठी पूर्ण पत्रा घ्यावा लागतो आणि तोवर ती नक्षी बंद झालेली असू शकते. म्हणून उरलेले तुकडे भंगारात न देता माळ्यावर ठेवावेत आणि पत्र्याच्या पाठीमागे छापलेल्या कंपनीच्या नावाचा व कोड क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये जपावा.